दोन लाख एकतीस हजारांचे कोडे : केनियाची २००७ ची निवडणूक

३० डिसेंबर २००२. नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये लाखोंची गर्दी लोटली होती. लोक झाडांवर चढले होते, दिव्यांच्या खांबांना लटकले होते. मोटार अपघातातून नुकतेच उठलेले म्वाई किबाकी पाय प्लास्टरमध्ये घेऊन चाकांच्या खुर्चीत बसले होते आणि त्याच अवस्थेत त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. चोवीस वर्षे सत्तेवर राहिलेल्या डॅनियल अराप मोईंची गर्दीने हुर्यो उडवली. किबाकींच्या प्रचाराची धुरा राइला ओडिंगा यांनी वाहिली होती. स्वतःची उमेदवारी बाजूला ठेवून ‘किबाकी तोशा’, म्हणजे ‘किबाकीच योग्य’, ही घोषणा त्यांनीच दिली होती.

बरोबर पाच वर्षांनी, ३० डिसेंबर २००७ रोजी, किबाकींनी पुन्हा शपथ घेतली. या वेळी मैदान नव्हते की गर्दी नव्हती. निकाल जाहीर होऊन जेमतेम तास झाला होता. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर, दिवस मावळताना, मोजक्या अधिकाऱ्यांसमोर समारंभ उरकला गेला. हरलेले उमेदवार होते राइला ओडिंगा. दोन्ही समारंभांच्या मधल्या पाच वर्षांत काय बिघडले हे कळल्याशिवाय पुढच्या दोन महिन्यांत हजाराहून अधिक माणसे का मेली हे कळत नाही.

या वैराची मुळे स्वातंत्र्याच्या पहिल्या पिढीत आहेत. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. जोमो केन्याटा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि राइलांचे वडील ओगिंगा ओडिंगा उपराष्ट्राध्यक्ष. केन्याटा किकुयू समाजाचे, ओडिंगा लुओ समाजाचे. जमिनीचे वाटप कसे व्हावे आणि देशाने शीतयुद्धातल्या कोणत्या गोटाकडे झुकावे, यावरून दोघांचे बिनसले. ओडिंगांचे निकटचे सहकारी पियो गामा पिंटो, मूळ गोव्याच्या कुटुंबातले आणि गोवामुक्तीच्या कामातही भाग घेतलेले, यांची फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्याच वर्षी ओडिंगांनी सरकार सोडून नवा पक्ष काढला. १९६९ मध्ये लुओ समाजाचे दुसरे मोठे नेते टॉम म्बोया यांचा खून झाला, किसुमूत केन्याटांच्या सभेच्या वेळी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, ओडिंगांच्या पक्षावर बंदी आली आणि ते तुरुंगात गेले. राष्ट्राध्यक्षपद आपल्या वाट्याला येऊच दिले जात नाही, ही लुओंची भावना तेव्हापासूनची.

दुसरा धागा जमिनीचा. रिफ्ट व्हॅलीतली सुपीक पठारे ब्रिटिशांनी मसाई आणि कालेंजिन समाजांकडून घेऊन गोऱ्या मळेवाल्यांना दिली होती. स्वातंत्र्यानंतर गोरे गेले, पण जमिनी मूळ समाजांकडे परतल्या नाहीत. सरकारी योजनांतून आणि जमीनखरेदीच्या कंपन्यांमार्फत तिथे मोठ्या प्रमाणावर किकुयू शेतकरी वसले. त्यांच्या लेखी ही पैसे मोजून घेतलेली जमीन होती. शेजारच्या कालेंजिनांच्या लेखी ती त्यांच्या आजोबांची होती.

केन्याटांनंतर १९७८ मध्ये आलेले मोई कालेंजिन होते. १९८२ मध्ये त्यांनी घटनेत कलम घालून देश अधिकृतपणे एकपक्षीय केला. त्याच वर्षी हवाई दलातल्या सैनिकांनी उठाव केला आणि तो फसला. त्यात हात असल्याच्या आरोपावरून पूर्व जर्मनीत शिकलेले अभियंते राइला ओडिंगा खटल्याविना स्थानबद्ध झाले. पुढे आणखी दोनदा त्यांना पकडले गेले, आणि आयुष्यातली सुमारे आठ वर्षे त्यांनी कोठडीत काढली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले किकुयू अर्थतज्ज्ञ किबाकी या काळात मोईंचे उपराष्ट्राध्यक्ष होते. हे दोघे पुढे एकाच व्यासपीठावर आले, तेव्हा ही वेगवेगळी आयुष्ये त्यांच्यासोबतच आली होती.

देशातली चळवळ आणि परकी मदत थांबवण्याची दातृदेशांची धमकी, या दोन्हींच्या दबावाखाली डिसेंबर १९९१ मध्ये मोईंनी ते कलम काढले. बहुपक्षीय निवडणुका १९९२ आणि १९९७ मध्ये झाल्या. विरोधकांची मते फुटली आणि मोई दोन्ही वेळा निवडून आले. दोन्ही निवडणुकांच्या आगेमागे रिफ्ट व्हॅलीत ‘बाहेरच्यांना’ हुसकावण्यासाठी दंगली घडवल्या गेल्या. शेकडो माणसे मेली आणि कोणाही बड्याला शिक्षा झाली नाही. मतदारयादीत नको असलेली माणसे काठी-कोयत्याने कमी करता येतात आणि त्याची किंमत मोजावी लागत नाही, हा धडा केनियातले पुढारी बहुपक्षीय लोकशाहीच्या पहिल्याच दशकात शिकले.

१९९७ ची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या किबाकींनी मोईंच्या विजयाला न्यायालयात आव्हान दिले होते. याचिकेची प्रत मोईंच्या हातात प्रत्यक्ष दिली गेली नाही, या तांत्रिक कारणावरून ती फेटाळली गेली. सशस्त्र पहाऱ्यात राहणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती कागद द्यायचा कसा, याचे उत्तर न्यायालयाने दिले नाही. दहा वर्षांनी हाच निवाडा किबाकींच्या विरोधकांच्या तोंडी आला.

२००२ च्या विजयामागे एक लेखी समझोता होता. मंत्रिपदे निम्मी-निम्मी वाटायची आणि नवी घटना करून राइलांसाठी पंतप्रधानपद निर्माण करायचे, असे त्यात ठरले असल्याचे राइलांचा गट सांगत असे. सत्ता आल्यावर किबाकींच्या निकटवर्तीयांनी हा कागद गुंडाळून ठेवला. नव्या घटनेचा मसुदा आला, पण त्यात राष्ट्राध्यक्षांचे अधिकार जवळपास तसेच राहिले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यावर सार्वमत झाले. वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी ‘हो’ची खूण केळे होती आणि ‘नाही’ची संत्रे. सरकारात राहूनच राइलांनी संत्र्याचा प्रचार केला, आणि सुमारे ५८ टक्के मतांनी संत्रे जिंकले. किबाकींनी अख्खे मंत्रिमंडळ बरखास्त केले आणि नव्या मंत्रिमंडळात राइलांच्या गटाला जागा दिली नाही. त्या संत्र्यातूनच ‘ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट’ हा पक्ष उभा राहिला.

किबाकींची कारकीर्द कामाच्या हिशेबाने वाईट नव्हती. प्राथमिक शिक्षण मोफत झाले होते आणि २००७ मध्ये अर्थव्यवस्थेची वाढ ७ टक्क्यांच्या आसपास होती. पण सत्तेच्या मोक्याच्या जागा किकुयू आणि त्यांच्या शेजारच्या समाजांकडेच गेल्या, ही तक्रार देशभर होती. राइलांनी लुओ, कालेंजिन, लुह्या आणि किनारपट्टीचे मतदार एकत्र आणले. कालेंजिनांची मते खेचून आणणारा त्यांचा तरुण सहकारी होता विल्यम रुटो. ‘एकाविरुद्ध एक्केचाळीस’ असा प्रचार चालला, म्हणजे किकुयूंविरुद्ध बाकी सारे समाज. रिफ्ट व्हॅलीतल्या किकुयू शेतकऱ्यांच्या कानांना ती धमकी वाटली तर नवल नव्हते.

अशा चुरशीत पंचावर दोन्ही बाजूंचा विश्वास हवा. निवडणूक आयोगाचे सदस्य विरोधी पक्षांशी सल्लामसलत करून नेमायचे, हा १९९७ मधला अलिखित करार होता. त्याचा फायदा २००२ मध्ये विरोधक असलेल्या किबाकींनाच झाला होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी तो मोडला. २००७ उजाडेपर्यंत आयोगाचे बहुतेक सदस्य त्यांनी एकट्याने नेमलेले होते. अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू तेवढे जुने होते आणि २००२ ची निवडणूक नीट पार पाडल्यामुळे त्यांना मान होता. पण एका माणसाच्या पुण्याईवर सगळी यंत्रणा उभी होती.

२७ डिसेंबरला मतदान झाले. लोकांनी पहाटेपासून शांतपणे रांगा लावल्या होत्या. मतमोजणी मतदान केंद्रांवरच पक्ष-प्रतिनिधींसमोर झाली आणि ती बरीचशी नीट झाली. संसदेचे निकाल भराभर आले. राइलांच्या पक्षाला ९९ जागा मिळाल्या, तर किबाकींच्या पक्षाला ४३. उपराष्ट्राध्यक्षांसह जवळपास वीस मंत्री घरी बसले. संसदेत सरकारचा असा धुव्वा उडत असताना त्याच मतदारांनी त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष मात्र तोच निवडला असेल, हे लोकांच्या गळी उतरणे अवघड होते.

घोटाळा झाला तो बेरजेत. केंद्रांचे आकडे २१० मतदारसंघांच्या पातळीवर एकत्र होत आणि तिथून नैरोबीला येत. संगणकाने निकाल पाठवण्याची सोय वापरलीच गेली नाही. आकडे फोनवरून आणि फॅक्सने यायचे आणि मूळ कागद मागाहून पोहोचायचे. २८ तारखेला राइलांची आघाडी लाखांत होती. २९ ला ती काही हजारांवर घसरली. किबाकींच्या बालेकिल्ल्यांतले निकाल सर्वांत उशिरा येत होते. तिथले काही निवडणूक अधिकारी फोनच उचलत नाहीत, अशी तक्रार खुद्द किवुइटू पत्रकारांसमोर करत होते आणि आकडे कुठे शिजवले तर जात नाहीत ना, अशी शंकाही बोलून दाखवत होते. युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी एक उदाहरण नोंदवले आहे. मोलो मतदारसंघात किबाकींना ५०,१४५ मते मिळाल्याचे संघाच्या प्रतिनिधींसमोर जाहीर झाले. नैरोबीत आयोगाने त्याच मतदारसंघातून वाचलेला आकडा होता ७५,२६१.

३० तारखेला केन्याटा आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात किवुइटू निकाल वाचू लागले, तेव्हा विरोधी नेत्यांनी आरडाओरडा करून त्यांना थांबवले. निमलष्करी पोलीस सभागृहात शिरले, दिवे गेले आणि किवुइटूंना तिथून आत नेण्यात आले. थोड्या वेळाने फक्त सरकारी वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी आकडे वाचले : किबाकी ४५,८४,७२१, ओडिंगा ४३,५२,९९३. फरक २,३१,७२८ मतांचा. मग तो घाईचा शपथविधी झाला आणि पाठोपाठ थेट प्रक्षेपणावर बंदी आली. दोनच दिवसांनी किवुइटू पत्रकारांना म्हणाले की किबाकी खरोखर जिंकले का, हे आपल्याला ठाऊक नाही. ज्याने निकाल वाचला त्यालाच त्याची खात्री नव्हती.

किबाकींच्या बाजूने सांगितले गेले की तक्रार असेल तर न्यायालयात जा. राइलांच्या पक्षाने ते नाकारले. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, याचिका वर्षानुवर्षे रेंगाळणार, आणि किबाकींच्या स्वतःच्या याचिकेचे काय झाले ते सगळ्यांना माहीत होते. त्यांनी लोकांना रस्त्यावर उतरण्याची हाक दिली.

निकालाच्या काही मिनिटांतच नैरोबीच्या किबेरा आणि मथारे झोपडपट्ट्यांत आगी लागल्या. किसुमूत दुकाने लुटली गेली, त्यांत भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांचीही होती. तिथे पोलिसांनी सरळ गोळ्या झाडल्या. रिफ्ट व्हॅलीत मात्र जे घडले ते निव्वळ संतापाचे नव्हते. एल्डोरेटच्या परिसरात कालेंजिन तरुणांच्या टोळ्या किकुयूंची घरे निवडून जाळत होत्या. १ जानेवारी २००८ रोजी कियांबा गावातल्या चर्चमध्ये जीव वाचवण्यासाठी जमलेल्या किकुयू कुटुंबांना आत कोंडून आग लावली गेली. त्यात तीसच्या आसपास माणसे मेली. बहुतेक बायका आणि मुले होती.

महिनाअखेरीस सूड उगवला. नाकुरू आणि नैवाशात किकुयू टोळ्या लुओ आणि कालेंजिनांवर तुटून पडल्या. मुंगिकी नावाच्या बंदी असलेल्या संघटनेची माणसे त्यांत होती. युरोपला गुलाबाची फुले पाठवणाऱ्या मळ्यांतले मजूर नैवाशात राहत असत. तिथे एका घरात कोंडून १९ जणांना जाळले गेले. किबेरातून जाणारा लोहमार्ग जमावाने उखडला. शतकापूर्वी ब्रिटिशांनी पंजाब-गुजरातेतून नेलेल्या मजुरांनी बांधलेला हाच मार्ग मोंबासा बंदरापासून आतल्या देशांना जोडतो. तो आणि महामार्ग बंद पडताच युगांडात आणि रवांडात पेट्रोलची टंचाई झाली. केनियाचे भांडण केनियापुरते उरले नाही.

दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टुटू मध्यस्थीसाठी येऊन गेले. आफ्रिकी संघाचे तेव्हाचे अध्यक्ष, घानाचे जॉन कुफुओर येऊन गेले, पण त्यांच्या प्रयत्नांना यश आले नाही. दरम्यान किबाकींनी ८ जानेवारीला अर्धे मंत्रिमंडळ जाहीर करून टाकले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या कलोंझो मुस्योकांना उपराष्ट्राध्यक्षपद देऊन आपल्याकडे वळवले. २२ जानेवारीला संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आले. सोबत मोझांबिकच्या ग्रासा माशेल आणि टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा होते. दोनच दिवसांत अन्नान यांनी किबाकी आणि राइलांचे जाहीर हस्तांदोलन घडवले. लोकांना त्या छायाचित्राची गरज होती.

खरे काम सेरेना हॉटेलच्या खोल्यांत चालले. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समोरासमोर बसत. सरकारकडून कायदामंत्री मार्था कारुआ ठामपणे लढत होत्या, विरोधकांकडून मुसालिया मुदावादी आणि रुटो. मतांची फेरमोजणी करावी की नव्याने निवडणूक घ्यावी, यावर दिवस गेले. कागदच विश्वासार्ह नसताना फेरमोजणी कशाची करणार, आणि गावे जळत असताना नवी निवडणूक कोण घेणार? अन्नान यांनी चर्चा ‘कोण जिंकले’वरून ‘सत्ता कशी वाटायची’कडे नेली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस येऊन दबाव टाकून गेल्या. तरी गाडी अडली, तेव्हा अन्नान यांनी प्रतिनिधींची बैठकच थांबवली आणि दोन्ही नेत्यांना थेट समोर बसवले. आफ्रिकी संघाची धुरा आता टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष किक्वेते यांच्याकडे होती. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान एकत्र काम कसे करतात, हे त्यांनी आपल्याच देशाच्या अनुभवावरून समजावले. २८ फेब्रुवारीला करार झाला. राइला पंतप्रधान होणार आणि मंत्रिपदे निम्मी-निम्मी वाटली जाणार. २००२ च्या समझोत्यात जे ठरले होते असे राइलांचे लोक सांगत, जवळपास तेच पाच वर्षांनी मिळाले. पण मधल्या दोन महिन्यांत १,१३३ माणसे मेली होती आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक बेघर झाले होते.

हा आकडा न्यायमूर्ती वाकी यांच्या चौकशी आयोगाचा. मृतांपैकी ४०५ जण गोळ्या लागून मेले होते आणि गोळ्या मुख्यतः पोलिसांच्या होत्या. निवडणुकीची चौकशी दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायमूर्ती योहान क्रीगलर यांनी केली. त्यांचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरला. मतदारयादीत लाखो मृतांची नावे होती, दोन्हीकडच्या बालेकिल्ल्यांत मतदानाचे प्रमाण अविश्वसनीय होते, आणि बेरजेचा इतका चिखल झाला होता की खरा विजेता कोण हे आता कोणालाच सांगता येणार नाही. हिंसाचाराची झळ अर्थव्यवस्थेलाही बसली. वाढीचा दर पुढच्या वर्षी दोन टक्क्यांच्याही खाली आला.

याचे परिणाम दोन वाटांनी गेले. पहिली वाट सुधारणेची. जुना आयोग संसदेने मोडीत काढला. ऑगस्ट २०१० मध्ये नवी घटना सार्वमताने मंजूर झाली. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते सक्तीची झाली, सत्ता आणि पैसा ४७ कौंटींमध्ये वाटला गेला, सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले आणि निवडणूक याचिकेचा निकाल १४ दिवसांत द्यायचे बंधन आले. राइला २०१३ मध्ये हरले. रस्त्यावर न जाता न्यायालयात गेले. तिथेही हरले आणि निकाल मानला. २०१७ मध्ये मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी आयोगाच्या माहिती-तंत्रज्ञान व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा जुनी भीती परतली. राइला पुन्हा न्यायालयात गेले. १ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या पीठाने बहुमताने ती निवडणूकच रद्द ठरवली. राष्ट्राध्यक्षाचा विजय न्यायालयाने रद्द करण्याची आफ्रिकेतली ही पहिली वेळ होती. पुढे २०२२ मध्ये ४६ हजारांहून अधिक मतदान केंद्रांचे मूळ निकालपत्रक आयोगाने सर्वांना पाहता येईल अशा संकेतस्थळावर ठेवले. ज्याला हवी त्याने बेरीज करून पाहावी. २००७ चा घोटाळा ज्या फटीतून शिरला ती फट अशी बुजवली गेली.

दुसरी वाट न्यायाची होती आणि ती मध्येच संपली. वाकी आयोगाने संशयितांची नावे बंद लिफाफ्यात अन्नान यांच्याकडे दिली होती. देशात विशेष न्यायालय उभारायला संसद तयार होईना, तेव्हा लिफाफा हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे गेला. तिथे ज्यांच्यावर खटला आला त्यांत जोमो केन्याटांचे चिरंजीव उहुरू होते आणि रुटोही होते. २००७ मध्ये दोघे विरुद्ध बाजूंना होते. खटल्याने त्यांना एकत्र आणले. परकी न्यायालय आपल्या नेत्यांना छळते, असा प्रचार करत त्यांनी २०१३ ची निवडणूक जिंकली. साक्षीदार फिरले किंवा गप्प झाले. उहुरूंवरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घेतले गेले आणि रुटोंचा खटला एप्रिल २०१६ मध्ये थांबवला गेला.

राइला ओडिंगा राष्ट्राध्यक्षपदासाठी पाच वेळा लढले आणि एकदाही विजयी घोषित झाले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयुर्वेदिक उपचारांसाठी केरळात आले असताना त्यांचे निधन झाले. किबाकी त्याआधी २०२२ मध्येच गेले होते. २००७ च्या आकड्याचे कोडे दोघांबरोबर कायमचे अनुत्तरित राहिले.

केनियाच्या अनुभवाचा निवाडा मात्र स्पष्ट आहे. निवडणूक शांततेत पार पडते ती हरणाऱ्याला दाद मागायला विश्वासाची जागा असते तेव्हा. नेत्यांचा चांगुलपणा त्याला पुरत नाही. ती जागा २००७ मध्ये नव्हती, नंतर ती कष्टाने उभारली गेली, आणि तिच्यावर दर पाच वर्षांनी ताण येतच राहणार. मेलेल्यांचा हिशेब मात्र अजून कोणी चुकता केलेला नाही. १,१३३ मृत्यूंबद्दल आजवर एकाही मोठ्या नेत्याला शिक्षा झालेली नाही.